छत्रीखालचा टोमॅटो

त्या घरात आभाळावर दोघांचा हक्क होता, आणि दोघांची मागणी एकमेकांच्या नेमकी उलट होती. छत्रीवाल्याला पाऊस हवा असायचा आणि त्याच्या बायकोला ऊन. पुढच्या खोलीत त्याचं छत्र्यादुरुस्तीचं दुकान, मागे परसात तिची भाजी, आणि मधल्या खोल्यांत संसार. पावसाचं वर्ष असलं की दुकानात मोडक्या छत्र्यांचा ढीग लागायचा आणि परसात काकड्या कुजायच्या. ऊन चांगलं पडलं की टोमॅटोची झाडं फळांनी वाकायची आणि छत्रीवाला दुकानात माश्या मारत बसायचा. "आला बघा तुमचा पाऊस," ती म्हणायची, जसा काही त्यानेच निरोप धाडून बोलावला होता. "तुझं ऊन जाऊ दे एकदाचं," तो म्हणायचा. इतकी वर्षं भांडूनही दोघांनी ना आभाळ वाटून घेतलं ना घर, यातच काय ते समजायचं.

हल्ली दुकान नावालाच होतं. छत्री मोडली की लोक नवी घेतात, त्यामुळे पुढचा दरवाजा बहुतेक बंदच असायचा. आत हत्यारं होती, काड्यांचे जुडगे होते, आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या, गिऱ्हाइकांनी कधी न नेलेल्या छत्र्या होत्या. परस मात्र चालू होतं. बायको अजून दर उन्हाळ्यात घेवडा, काकडी आणि टोमॅटो लावायची, आणि भाजीच्या बाबतीत तिच्या जिभेला हाड नव्हतं. शेजारच्या कंडक्टरच्या बायकोने एकदा मोठ्या कौतुकाने आपल्या वेलाची काकडी आणून दिली, तर हिने एक फोड चाखून, "कडू आहे, वेल उपटून टाका," असं तोंडावर सांगितलं. लेक लहान असताना शाळेच्या वाफ्यात स्वतः वाढवलेला मुळा घेऊन धावत घरी आली होती. आई चांगला म्हणेल म्हणून पोरीचे डोळे लुकलुकत होते. आईने एक चावा घेतला आणि म्हणाली, "आतून पोकळ आहे गं." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आईने शब्द फिरवला नाही. भाजीशी खोटं बोललं तर ती पुढच्या वर्षी येत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी ती रोपं लावायला परसात उतरली आणि शेवाळलेल्या फरशीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. हातातला रोपांचा ट्रे मात्र तिने सोडला नाही. शेजारचा कंडक्टर कुंपणावरून उडी मारून उचलायला आला, तर त्याला म्हणाली, "आधी हे घ्या."

दवाखान्यात लेक आली. ती दुसऱ्या शहरात एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, आणि तोंड उघडायला लावून लोकांना ऐकून घ्यायला भाग पाडायची तिला सवय होती.

"आई, आता पुरे," ती म्हणाली. "दोघंही माझ्याकडे चला. लिफ्ट आहे, सगळं सपाट आहे. इथे तुला कोण बघणार? बाबा? बाबांना चहा ठेवायला सांगितला तर दूध उतू जातं."

छत्रीवाला खाटेच्या पायथ्याशी उभा होता. दूध उतू जातं हे खरं असल्यामुळे त्याने नुसती चादर सारखी केली.

बायको छताकडे बघत म्हणाली, "उन्हाळा संपू दे. माझी रोपं अजून ट्रेमध्येच आहेत. ती यांना लावू दे. एक तरी टोमॅटो यांनी झाडावर पिकवून दाखवला, तर आम्ही आमच्या घरी राहू. नाही पिकवला, तर तू म्हणशील तिथे."

"टोमॅटोचा आणि याचा काय संबंध?"

"झाडाचं आणि आजारी माणसाचं सारखंच असतं. वेळेवर पाणी, पाठीला आधार, आणि रोज उठून तोंड बघावं लागतं. ते जमलं तर हे जमेल."

"आणि पिकला की नाही, हे कोण ठरवणार?"

"मी. खाऊन."

लेकीला मुळा आठवला असावा. या बाबतीत आईसारखा न्यायाधीश शोधून सापडणार नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? तिने बापाकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेच कबूल झाली. उन्हाळा सरला की रिकामी खोकी घेऊन येते, म्हणाली.

छत्रीवाल्याला मात्र काही कोणी विचारलं नाही. त्याला त्या घरातून हलायचं नव्हतं. दुकानाचा सोस आता उरला नव्हता. भीती वेगळीच होती. लेकीच्या घरी ती खाईल, पिईल, औषध वेळेवर घेईल, आणि कुठल्यातरी वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी पाहुण्यासारखी हात मांडीवर ठेवून बसेल. तिचे हात रिकामे असलेले त्याने कधी पाहिले नव्हते, आणि ते बघायची त्याच्यात हिंमत नव्हती.

आणि नेमका यंदा उन्हाळा आलाच नाही.

कॅलेंडरावर आला, पण परसात आला नाही. सकाळी झड, दुपारी रिपरिप, संध्याकाळी पुन्हा सकाळची झड. देव पाण्यात घालून बसावं म्हटलं तर यंदा सगळं जगच पाण्यात होतं. घेवड्याचं बी मातीतच सडलं. काकडीच्या वेलाला जी दोन पानं फुटली, ती गोगलगाईंनी बसल्या जागी संपवली. उरले टोमॅटो. त्यांच्या खालच्या पानांवर काळपट डाग दिसायला लागले, तेव्हा छत्रीवाला घाबरला. ज्या पावसाची आयुष्यभर वाट पाहिली तो आता मुक्कामालाच आला होता, आणि आता त्याला तो डोळ्यांसमोर नको झाला होता.

बायको अजून दवाखान्यात होती, चालायचे व्यायाम शिकत होती. विचारायला कोणी नाही. शेवटी त्याने आपल्या परीने डोकं लढवलं. पाऊस लागू नये म्हणून माणूस काय करतो? छत्री धरतो. छत्र्या तर भिंतभर होत्या.

पण त्या गिऱ्हाइकांच्या होत्या. दुकान वडिलांचं, आणि वडिलांचा नियम असा की गिऱ्हाइकाची छत्री आपल्या डोक्यावर धरायची नाही, आणि न नेलेली छत्री विकायची नाही. माणूस कधीही येऊ शकतो. कोणी गाव सोडून गेलं होतं, कोणी विसरलं होतं, कोणी तर वारलंही होतं. तरी छत्रीवाला पावसात बाजाराला जायचा तो डोक्यावर पंचा टाकून. दिव्याखाली अंधार तो हाच, असं कंडक्टर दरवेळी म्हणायचा आणि दरवेळी स्वतःच हसायचा. त्या दिवशी वडिलांच्या फोटोकडे पाठ करून छत्रीवाल्याने छत्र्या काढल्या, एकेक झाडाशेजारी बांबू रोवला आणि बांबूला एकेक उघडी छत्री बांधली. काळ्या, दणकट, जुन्या छत्र्या. पाऊस आला, त्यांच्यावरून वाहून गेला, खालची माती कोरडी राहिली. इतकं समाधान त्याला फार दिवसांत मिळालं नव्हतं.

बायकोला घरी आणलं तेव्हा तिची खाट मागच्या खोलीत, परसाच्या खिडकीशी लावली. तिने उशीवर रेलून बाहेर पाहिलं.

"कोणाची मयत आहे?" तिने विचारलं.

"तुझे टोमॅटो आहेत खाली. एक थेंब लागू देत नाही."

"थेंब नाही लागला ते ठीक. पण अहो, ऊन? झाडं खातात काय, काळोख?"

तो छत्री उचलून बघायला गेला. झाडं उंच झाली होती खरी, पण दोऱ्यासारखी बारीक आणि पांढरट. चांगल्या छत्रीची परीक्षा म्हणजे ती उजेडाकडे धरून बघायची. सुईच्या टोकाएवढाही उजेड आत आला तर काम फुकट गेलं. त्याच्या सगळ्या छत्र्या या परीक्षेत उत्तम पास झाल्या होत्या. तो चिखलात उभा राहिला, आणि खिडकीतून तिचं हसणं ऐकू आलं. पडल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती, त्यामुळे त्याला नीट ओशाळताही येईना.

मग त्याने नवीन कामाला हात घातला. जेवणाच्या टेबलावर अंथरतात तसलं पारदर्शक प्लास्टिक आणलं, छत्र्यांची काळी कापडं उसवून, नीट घडी करून कपाटात ठेवली, म्हणजे मालक आलाच तर परत चढवता येतील. मग प्लास्टिकचे तिकोनी तुकडे कापून ते काड्यांवर चढवायला बसला. सुईच्या भोकातून प्लास्टिक फाटायचं, म्हणून कडेला चिकटपट्टी लावून त्यातून मेण लावलेला दोरा ओवायचा. दुकानात उजेड कमी, म्हणून तो तिच्या खाटेशेजारी बसायचा. तिने न बोलता दुसऱ्या बाजूची कड ताणून धरली. पूर्वी पावसाच्या वर्षांत, काम हाताबाहेर गेलं की ती अशीच समोर बसून कड धरायची, आणि तोंडाने परसातल्या काकड्यांच्या नावाने खडे फोडत राहायची. तिच्या बोटांना अजून सगळं आठवत होतं. कुठे ताण द्यायचा, कुठे सैल सोडायचं, हे सांगावं लागलं नाही.

"ती इतकी वर्षं कुठे गेली हो?" तिने अचानक विचारलं.

"कोण?"

"वर्षं."

तो दोऱ्याला मेण लावत राहिला. पण मन मागे गेलंच.

अशाच एका उन्हाळ्यात, पण खरोखरीच्या उन्हाळ्यात, आभाळात औषधालाही ढग नसताना एक मुलगी दुकानात छत्री घेऊन आली होती. बाटलीसारख्या हिरव्या कापडाची, लाकडी मूठ, मुठीवर कोरलेलं बदकाचं डोकं. एक काडी वाकली होती. "वाऱ्याने मोडली," ती म्हणाली. वाऱ्याने मोडलेली काडी बाहेर उलटते. ही आतल्या बाजूला वाकली होती, म्हणजे कोणीतरी गुडघ्यावर धरून जोर लावला होता. छत्रीवाला तेव्हा तरुण होता, पण धंद्यात कच्चा नव्हता. त्याने त्या दिवशीच्या निळ्या आभाळाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "परवा या."

ती परवा आली. छत्री झाली नव्हती. "परवा या," तो म्हणाला. ती पुन्हा आली. येताना कधी घरच्या शेंगा आणायची, कधी टोमॅटो, आणि काउंटरवर ठेवून विचारायची, "छत्री झाली का?" सगळा उन्हाळा असा गेला. शेवटी तिचे काका जाब विचारायला आले, की एक काडी सरळ करायला एवढा काळ लावणारा हा कसला कारागीर. ते आले रागाने आणि गेले लग्न ठरवून. छत्री मात्र राहिली. दाराजवळच्या शेवटच्या खिळ्यावर ती तेव्हापासून टांगलेली होती, वाकलेल्या काडीसकट. दर वर्षी कधीतरी, स्वयंपाक करताना नाहीतर वाफ्यात वाकलेली असताना, बायको मान न वळवता म्हणायची, "माझी छत्री झाली का हो?" एरवी तिला अगं-तुगं करणारा छत्रीवाला तेवढ्यापुरता दुकानदार व्हायचा आणि अदबीने म्हणायचा, "परवा या."

लोकांना ही थट्टा वाटायची. लेकीला तर लहानपणी ती पाठ होती. पण छत्रीवाल्याच्या मनात त्यात थट्टेपेक्षा थोडं जास्त होतं. काम झालं की गिऱ्हाईक जातं, हे त्याने रोज बघितलं होतं. असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, म्हणून त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि छत्रीही दुरुस्त केली नाही. यंदा मात्र तिने विचारलंच नव्हतं. पडल्यापासून एकदाही नाही. हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

प्लास्टिकच्या छत्र्या परसात उभ्या राहिल्या तेव्हा कंडक्टर कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत राहिला. "आता बागेला रेनकोटच शिवा," तो म्हणाला. पण झाडांनी रंग धरला. बायको खिडकीतून हुकूम सोडायची आणि छत्रीवाला चिखलात बसून पाळायचा.

"बगलेतले फुटवे खुडा. ते नव्हे, तो शेंडा आहे. अहो, शेंडा."

"हा?"

"हो. आता त्याची माफी मागा."

तो खरंच मागायचा. पावसात मधमाश्या फिरकत नव्हत्या, म्हणून तिने सांगितलं की फुलांना टिचक्या मारा. तो एका मोडक्या काडीच्या टोकाने फुलाफुलाला हळूच टिचकी मारत फिरायचा, आणि ती आतून "जरा जोरात, ते काय गिऱ्हाईक आहे?" म्हणायची. सकाळी उठून आधी तिला उशी द्यायची, चहा द्यायचा, तिचा व्यायाम घ्यायचा, मग झाडांकडे जायचं. दूध उतू जायचं केव्हा थांबलं, ते त्याच्याही ध्यानात आलं नाही. फळं धरली. हिरवी, गोट्यांएवढी, मग लिंबांएवढी. त्याला रोज वाटायचं की आज ऊन पडेल, आणि रोज झड यायची. फळं हिरवीच राहिली.

मग वारा आला.

छत्री पावसाला भीत नाही, वाऱ्याला भिते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी दांडे नुसते बांबूला बांधून तो निर्धास्त झाला होता. सकाळी दार उघडलं तर परसात एकही छत्री जागेवर नव्हती. काही छत्र्या उलट्या होऊन काड्यांचे सांगाडे झाल्या होत्या, काही नाहीशाच झाल्या होत्या. झाडं बांबूंसकट आडवी पडली होती, लिंबांएवढी फळं चिखलात विखुरली होती. कुंपणाच्या पलीकडून कंडक्टरने मोडक्या छत्र्यांचा एक भारा पुढे केला. "तुमचे प्रवासी आमच्या छपरावर उतरले होते," तो म्हणाला. मग त्याने छत्रीवाल्याचा चेहरा पाहिला आणि पुढचा विनोद गिळला.

भिंतीच्या कोपऱ्यातलं एक झाड तेवढं उभं होतं. त्याला एक घोस होता, आणि घोसात एक फळ शाबूत होतं.

"एक आहे," त्याने खिडकीशी येऊन सांगितलं.

"एकच म्हटलं होतं मी," ती म्हणाली. पण तिचा आवाज दमलेला होता, आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

कंडक्टरने हळूच सुचवलं की बाजारातून एक लालभडक आणू आणि मेणाच्या दोऱ्याने घोसाला बांधू, कोणाला कळतंय. "पहिल्या घासाला कळेल तिला," छत्रीवाला म्हणाला, आणि दुकानात गेला. पारदर्शक प्लास्टिक अजून उरलं होतं. धड सांगाडा उरला नव्हता. त्या छत्र्यांचं कापड दणकट होतं, पण काड्या नरम, वाऱ्यात एकदा वाकल्या की पुन्हा कामाच्या नाहीत. त्याने भिंतीवर नजर फिरवली. सगळे खिळे रिकामे होते. फक्त दाराजवळच्या शेवटच्या खिळ्यावर ती हिरवी छत्री होती, आता कोणी बनवत नाही असल्या पोलादी काड्यांची.

त्याने स्टूल त्या खिळ्याखाली ओढलं. मग त्याने छत्री खाली काढली. हिरवं कापड टाका टाका उसवलं. घडीच्या आत ते अजून पहिल्या दिवसासारखं गडद होतं. पक्कड घेतली. वाकलेली काडी दोन ठिकाणी धरली, हळूच दाब दिला, आणि ती सरळ झाली. शेजारी ठेवलेला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. सगळ्या आयुष्याची पुढे ढकललेली गोष्ट एवढीशी होती. छत्रीवाल्याला रडू आलं. त्याने ते येऊ दिलं, मग पंचाने तोंड पुसलं आणि प्लास्टिक चढवायला घेतलं.

या वेळी त्याने बांबू भिंतीला बांधला, दांडा बांबूला तीन ठिकाणी आवळला, काड्यांची टोकं दोऱ्यांनी जमिनीतल्या खुंट्यांना ताणली. बदकाचं डोकं पानांतून खिडकीच्या दिशेने बघत राहिलं. ते दुसरीकडे वळवता आलं असतं, पण तसा दांडा नीट बसत नव्हता. नाहीतर त्याने तसा तो बसवलाच नसेल.

दुसऱ्या दिवशी बायकोने चहाचा कप हातात धरून बाहेर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. छत्रीवाला दाराशी उभा राहून ती काय म्हणते याची वाट बघत होता, आणि काही म्हणू नये असंही त्याला वाटत होतं.

"फुटवे खुडलेत का?" तिने विचारलं. बस्स.

त्यानंतर ती काठी धरून खोलीभर चालायला लागली. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. दरवेळी खिडकीशी थोडी जास्त थांबायची. टोमॅटो हिरव्याचा पांढरट झाला, पांढरटाचा पिवळसर. दुपारी कधी ढग फाटून थोडं ऊन आलं की छत्रीवाला हातातलं काम टाकून प्लास्टिकवरचं पाणी पुसायला धावायचा. "पुरे आता, झिजेल ते," कंडक्टर म्हणायचा. टोमॅटोच्या बुडाला केशरी छटा आली. पण खांदे हिरवे ते हिरवेच, आणि उन्हाळ्याचे दिवस संपले.

लेक आली ती रिकामी खोकी घेऊनच. ती तिने ओळीने व्हरांड्यात रचली. आईला काठीवर उभी बघून तिला बरं वाटलं, बापाने दिलेला चहा प्यायली तेव्हा तिने भुवया उंचावल्या, पण शब्द म्हणजे शब्द. "चला," ती म्हणाली, "आणा तुमचा टोमॅटो."

छत्रीवाल्याने तो तोडून आणला आणि बशीत ठेवला. खोलीतल्या उजेडात तो बाहेरच्यापेक्षाही फिका दिसत होता. हाताच्या दाबानेच त्याला कळलं होतं. टणक होता.

"बाबा," लेक मऊपणे म्हणाली, "हा पिकलेला नाही हो."

"न्यायाधीश मी आहे," बायको म्हणाली. "सुरी आण."

तिने टोमॅटो मधोमध कापला. सुरी कचकन गेली, पिकलेल्यात जाते तशी नाही. आत पांढरी शीर होती आणि बिया हिरवट. लेकीने एक फोड उचलायला हात पुढे केला, तर आईने बशी मागे ओढली. एक अर्धा तिने स्वतः घेतला, दुसरा नवऱ्यापुढे केला.

ती सावकाश चावत होती. छत्रीवाला तिच्या तोंडाकडे बघत होता. कडू काकडी, पोकळ मुळा, पाणचट भोपळा, सगळ्यांचे निकाल त्याने या तोंडून ऐकले होते, आणि एकदाही दया आलेली पाहिली नव्हती. मनातल्या मनात तो खोकी भरायला लागला होता. हत्यारं एकात, काळी कापडं एकात.

तिने घास गिळला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंतीशी छत्री अजून उभी होती, ताठ, एकही काडी वाकडी नाही, आणि पानांतून बदक इकडेच बघत होतं.

"पिकलाय," ती म्हणाली.

छत्रीवाल्याने आपली फोड तोंडात टाकली. कच्ची होती. आंबट, करकरीत, घशाला ओढणारी. त्याचे डोळे मिटले आणि गालफडं आत गेली. दातांच्या डॉक्टरकडे काम करणाऱ्या लेकीला माणसाचा जबडा कळत नसेल असं नाही. तिने बापाकडे पाहिलं, मग आईकडे. आई बशीतली एक बी बोटाने टिपत होती आणि वर बघत नव्हती.

"मुळ्याला तर पोकळ म्हणाली होतीस," लेक म्हणाली.

"तो होताच पोकळ."

लेक उठली, आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि चहाचे कप गोळा करून, "खोकी घेऊन जाते परत, इथे भिजतील," असं म्हणत बाहेर गेली. व्हरांड्यात खोकी उचलल्याचा आवाज आला.

खोलीत दोघंच राहिली. छत्रीवाल्याच्या तोंडातला आंबटपणा अजून गेला नव्हता, आणि तो जाऊ नये असं त्याला वाटत होतं. ती मान न वळवता, परसाकडे बघत म्हणाली, "माझी छत्री झाली का हो?"

त्यानेही बाहेर पाहिलं. काडी सरळ होती, टाका न टाका पक्का होता. पावसाला पुन्हा सुरुवात झाली होती आणि एक थेंब आत जात नव्हता.

"नाही अजून," तो म्हणाला. "एक काडी राहिलीय. परवा या."

"बरं," ती म्हणाली. "येते परवा."